आठवडी बाजार, पळसाचे पान आणि बाजाराची कड

आपल्या त्रैमासिकात आपण वसतिगृहातल्या मुलांविषयी, फिरत्या दवाखान्याविषयी, बचत गटांविषयी वाचता. बाजाराविषयी मात्र आम्ही क्वचितच लिहितो. खरे तर ज्या कुटुंबांत आमचे काम आहे, त्यांच्या हातात रोख पैसा येतो तो बहुतेक बाजाराच्याच दिवशी. मजुरीचा हिशेब बाजाराच्या दिवशी होतो, मीठ-तेल त्याच दिवशी घरी येते, सोयरिकीची बोलणीही बाजारात होतात. प्रार्थना सभेची वेळ ठरवताना आम्ही आधी बाजाराचा वार विचारतो, कारण त्या संध्याकाळी घरी कोणी सापडत नाही.

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि मोठ्या गावांचे आठवडी बाजार वेगवेगळ्या वारी भरतात. मी ज्या बाजाराविषयी लिहीत आहे तो सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाच्या बाजूला आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. ठराव अजून व्हायचा आहे आणि नाव छापून आले की माणसे हट्टाला पेटतात. आसपासच्या पाड्यांवरून आणि टोल्यांवरून गोंड आणि कोलाम स्त्रिया या बाजारात येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुले, पुढे चारोळी आणि टेंभरे, पावसाळ्यात रानभाज्या, दिवाळीच्या आगेमागे सीताफळे, थंडीत बोरे. वर्षभर चालणारा माल दोनच प्रकारचा: पळसाच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण, आणि बांबूची टोपली, सुपे, दुरड्या. बांबूकाम हा कोलामांचा जुना हातखंडा.

या स्त्रिया बाजाराच्या मध्यभागी बसत नाहीत. मधल्या रांगा कापडवाल्यांच्या, किराण्याच्या आणि शहरातून टेम्पोने येणाऱ्या भाजीवाल्यांच्या. आपल्या बाया कडेला, कडूनिंबांच्या खाली, जमिनीवर फडके किंवा चुंगडी अंथरून पसरा मांडतात. ही कड ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्याशी जोडलेले आहे.

आता या बाजाराचा कायापालट करायचे घाटत आहे. योजना अशी: सगळ्या मैदानावर काँक्रीट, दोन मोठे टिनाचे शेड, शेडखाली ओटे, कडेने पेव्हर ब्लॉक, आणि प्रवेशद्वारावर स्वच्छ बाजार, हरित बाजार अशी पाटी. वाटेत येणारे कडूनिंब काढायचे. झाडे तोडून हरित बाजार कसा होतो, हे मला अजून उमगलेले नाही. तरीही योजना आखणाऱ्यांना मी दोष देणार नाही. बाजार घाण होतो हे खरे आहे. पावसाळ्यात तिथे घोट्याइतका चिखल असतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मैदानावरून शाळेत जाणारी मुले नाक धरून चालतात. काहीतरी केले पाहिजे याबद्दल दुमत नाही. काय करायचे आणि त्याचा भार कोणावर पडणार, एवढाच प्रश्न आहे.

बाजार उठल्यावर मैदानावर काय उरते ते आमच्या महिला मंडळाच्या बहिणींनी लागोपाठ काही आठवडे थांबून पाहिले. सगळ्यात मोठा ढीग पाल्याचा: कोबीची वरची पाने, मुळ्याचा पाला, सांबाराच्या काड्या, कांद्याची साल, सडके टमाटे, रसवंतीवरचे उसाचे चिपाड. वजनात हाच निम्म्याहून कितीतरी अधिक. दुसरा ढीग हलका, पण नजरेत भरणारा: पन्न्या, गुटख्याच्या पुड्या, चहाचे कप, भजी-समोशाच्या प्लेटा. तिसरा ढीग लहान, पण सगळ्यात दुर्गंधीचा: मासळी आणि कोंबडीचा. हे तिन्ही एकत्र केले की त्याला कचरा म्हणतात. ते एकमेकांत मिसळले की गायी पाल्यासाठी तोंड घालतात आणि पन्न्याही गिळतात. उरलेल्याला रात्री काडी लावली जाते, आणि तो धूर जवळच्या वस्तीत जातो. कचऱ्याचा बहुतेक त्रास मिसळण्यातून होतो.

पाल्याचे उत्तर आपल्या विदर्भातच तयार झालेले आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे शेतकरी नारायण देवराव पांढरीपांडे यांनी खत करण्याची एक पद्धत बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात, आणि त्यांना लोक नाडेप काका म्हणत. त्यांच्याआधी इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टवर मोठे काम करून 1931 साली पुस्तक प्रसिद्ध केले होते. शेणाची टंचाई असलेल्या गरीब शेतकऱ्याला परवडेल असे माप नाडेप काकांनी दिले. विटांचे टाके बांधायचे: 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. भिंतींत जागोजागी भोके ठेवायची, म्हणजे आत हवा खेळते. मग थर द्यायचे. पहिला थर पाल्या-काड्यांचा, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, त्यावर चाळलेली माती. पुन्हा पाला, पुन्हा शेणकाला, पुन्हा माती. एका टाक्याला साधारण 1400 ते 1500 किलो पाला-काडी, 90 ते 100 किलो शेण आणि सुमारे 1750 किलो माती लागते. वरून शेणमातीने लिंपून घ्यायचे. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपायचे. तीन ते चार महिन्यांत सुमारे 3 टन खत मिळते. शेण इतके थोडे लागते हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते, आणि माती इतकी लागते हे ऐकून त्याहून जास्त.

बाजारासाठी ही पद्धत वापरताना एक अडचण येते, आणि ती आधी सांगितली नाही तर लोक निराश होऊन टाके सोडून देतात. नाडेपचे टाके एक-दोन दिवसांत एका दमात भरायचे असते. बाजाराचा पाला मात्र आठवड्यातून एकदा, थोडा थोडा येतो, आणि तो ओला असतो. ओला पाला तसाच टाकला तर तो सडतो, वास मारतो आणि माशा होतात. म्हणून तीन-चार बाजारांचा पाला सावलीत पसरून सुकवायचा, त्यात सोयाबीनचे कुटार, तुरीच्या काड्या, झाडांचा पालापाचोळा मिसळायचा, आणि मग एका दिवशी सगळ्यांनी मिळून टाके भरायचे. आपल्याकडे कुटार शेतातच जाळून टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून ते मागितले तर कोणी नाही म्हणणार नाही. टाके भरायला थंडीचे दिवस उत्तम, कारण बाजारात पालेभाजी तेव्हाच भरपूर असते आणि खत पेरणीच्या आधी तयार होते. मासळी-कोंबडीचे मात्र या टाक्यात घालू नये. कुत्री भिंती उकरतात. त्यासाठी विहीर-हापशीपासून दूर वेगळा खड्डा हवा, दर वेळी वरून माती आणि थोडा चुना.

आता पन्नी. कायदा या बाबतीत ढिला नाही. महाराष्ट्र सरकारने 23 मार्च 2018 रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोल-प्लास्टिकची ताटे-वाट्या बंद केल्या. दंड पहिल्या वेळी 5000 रुपये, दुसऱ्या वेळी 10000, तिसऱ्या वेळी 25000 आणि कैद. केंद्र सरकारने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे, नळ्या यांवर देशभर बंदी घातली. तरीही बाजारात पन्नी आहे, आणि का आहे ते भाजीवालीला विचारले की कळते. एका कोलाम आजीला मी विचारले, ती पालकाच्या जुड्या पन्नीत घालून देत होती.

“पन्नी नाही देली त गिऱ्हाईक पुढच्या पसऱ्यावर जाते, ताई,” ती म्हणाली. “थैली घेऊन कोण येते आता? अन् माह्या टोपल्या पाह्य, सकाळपासून दोन गेल्या.”

तिच्या एका हाताला विकायची पन्नी होती आणि दुसऱ्या हाताला न विकलेल्या टोपल्या. ती जी पन्नी विकत आणते, तिनेच तिच्या टोपलीचे गिऱ्हाईक नेले आहे. पत्रावळीचेही तेच झाले. पूर्वी लग्नाच्या मोसमात पळसाच्या पत्रावळी शेकड्याने जात. मग थर्माकोल आले. थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आम्हाला वाटले की पळसाचे दिवस फिरतील. पण त्या जागी आली चकचकीत कागदी प्लेट. तिला आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो, कागदी कपाला असतो तसाच. ती खतात जात नाही, जाळली तर धूर तोच. पाहुण्यांना मात्र आपण कागद वापरला असे समाधान मिळते.

पत्रावळीचे काम किती असते, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पळस आपल्याकडे जंगलातच नव्हे, शेताच्या धुऱ्यावर, नाल्याकाठी, पडीत जमिनीवरही वाढतो. फुलोरा संपला की नवी पालवी येते. पान कोवळे असून चालत नाही, फाटते. फार जून असून चालत नाही, दुमडताना तडकते. सकाळी पाने खुडायची, देठ छाटायचे, एकावर एक ठेवून बारीक काड्यांनी टोचून गोल शिवायचे, मग दाबाखाली ठेवायचे. साठवलेली वाळकी पाने वापरायची असतील तर आधी पाणी शिंपडून नरम करावी लागतात. आता काही ठिकाणी गरम साच्याचे दाबयंत्र आले आहे. त्याने कडा उभ्या राहतात, वरण सांडत नाही, आणि शहरातले गिऱ्हाईक ती पत्रावळ घेते. वापरून झाली की पत्रावळ थेट वर सांगितलेल्या टाक्यात जाते. तिला वेगळे काढायची गरज नाही, दंड नाही, अधिसूचना नाही.

पान आणि बांबू गोळा करण्याचा हक्क हा स्वतंत्र विषय आहे, पण थोडक्यात सांगितले पाहिजे. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनवासी कुटुंबांना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आणि बांबू त्यात धरला. शेतात, जंगलाबाहेर लावलेला बांबू 2017 च्या दुरुस्तीने वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून निघाला, म्हणून तो तोडून नेण्यासाठी वाहतूक परवान्याची जाचक अट राहिली नाही. बायांना हे माहीत नसते, आणि रस्त्यावर अडवणाऱ्याला ते माहीत असले तरी तो सांगत नाही.

हा सगळा विचार वर्ध्यात नवा नाही, आणि आपल्या मंडळीच्या लोकांनी तो ओळखावा असे एक खास कारण आहे. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. ते चालवणारे होते जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा, तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यातले, 1892 साली जन्मलेले, शिक्षणाने हिशेबतपासनीस. घाणीचे तेल, हातकागद, मधमाश्या, हातसडीचा तांदूळ, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप नावाचा कंदील, असे प्रयोग त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे केले. पुढे जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली: एक ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’, दुसरे येशूच्या आचरणावर आणि शिकवणीवर. गांधीजींनी त्यांना गमतीने ग्रामोद्योगाची आणि ईश्वरशास्त्राची अशा दोन्ही डॉक्टरेट देऊन टाकल्या. माझ्याकडे ईश्वरशास्त्राचा फक्त डिप्लोमा आहे, आणि तो मिळवताना कुमारप्पांचे नाव मी एकदाही ऐकले नव्हते. वर्ध्याला आलात तर 1938 साली सुरू झालेले मगन संग्रहालय अवश्य पाहावे.

कुमारप्पांनी निसर्गातली उदाहरणे घेऊन अर्थव्यवहाराचे प्रकार मांडले. माकड आंब्याच्या बागेत शिरते आणि काही न देता खाऊन जाते, हा एक प्रकार. मधमाशी फुलातून मध नेते, पण जाताना परागीभवन करून झाडाला फळ धरायला मदत करते, हा दुसरा. बाजाराकडे या नजरेने पाहिले तर शहरातून आलेली पन्नी पहिल्या प्रकारात मोडते: पैसा घेऊन जाते आणि घाण ठेवून जाते. पळसाचे पान दुसऱ्या प्रकारातले. झाड तोडावे लागत नाही, पैसा त्याच पाड्यात राहतो, आणि पान मातीत परत जाते.

बाजाराच्या मैदानाबाबतही जुना धडा आहे. डिसेंबर 1936 मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. हजारो माणसांसाठी मंडप, वेशी, प्रदर्शनाची जागा उभारायची होती, आणि ते काम शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातच मिळणारे सामान वापरून केले. नंतर ते उतरवून ठेवताही आले. बाजारही आठवड्यातला एकच दिवस असतो. उरलेले सहा दिवस ते मैदान गाईगुरांचे, क्रिकेटचे, लग्नांचे, कधी आपल्या उज्जीवन सभेचेही असते. त्यावर कायमचे काँक्रीट कशाला?

मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो. त्या दुपारी टिनाच्या शेडखाली उभे राहून पाहावे आणि मग कडूनिंबाखाली जावे. टिन तापले की खाली भट्टी होते, आणि पालेभाजी दोन तासांत माना टाकते. पाला जितका लवकर सुकतो तितका ढीग मोठा होतो, म्हणजे झाड तोडल्याने कचराही वाढतो. काँक्रीटने आणखी एक गोष्ट होते. आज पावसाचे पाणी मैदानात मुरते. उद्या ते वाहून खालच्या वस्तीत शिरेल, आणि ती वस्ती कोणाची आहे हे सांगायची गरज नाही. चिखलाचे उत्तर मुरूम, थोडा उतार आणि हापशीजवळ शोषखड्डा हे आहे. सावली कमी पडत असेल तर बांबूचा सांगाडा आणि वर कवेलू. वर्ध्याच्याच सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या निमुळत्या नळ्या एकमेकींत बसवून कमानीचे छत उभारण्याची रीत बसवली आहे. मातीचे छत टिनासारखे तापत नाही, आणि कुंभाराला काम मिळते.

शौचालय हा विषय पर्यावरणाच्या लेखात कुठून आला असे काहींना वाटेल. बाया पहाटे निघतात, डोक्यावर टोपले घेऊन चालत किंवा मिळेल त्या ऑटोने येतात, आणि संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाहीत, कारण पाणी प्यायले तर जायचे कुठे? बाजाराच्या मागे एक शौचालय बांधलेले आहे. त्याला कुलूप आहे, कारण नळ नाही. उन्हाळ्यात दिवसभर तहानलेले राहिल्याने लघवीच्या जळजळीच्या तक्रारी आमच्या फिरत्या दवाखान्यात दर आठवड्याला येतात. माणसाला जिथे पाणी पिता येत नाही तो बाजार कितीही झाडला तरी स्वच्छ म्हणता येणार नाही. यासाठी पैसा नाही असेही नाही. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींना जे अनुदान ठरवले त्यातला 60 टक्के भाग बंधित होता: निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याचे पाणी आणि पाणी साठवणे-मुरवणे यांना. नळ आणि शोषखड्डा याच कामांत बसतात.

आता ओट्यांचा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त सलतो. ओटे झाले की त्यांचा हर्रास होतो. जो जास्त बोली लावतो त्याला ओटा. वीस पत्रावळींचे गठ्ठे घेऊन येणारी बाई बोली लावू शकत नाही. आजही ती बाजाराच्या ठेकेदाराला बैठकीचे पैसे देतेच, पण ती पावती त्या दिवसापुरती असते. ओटे झाले, कडेला पेव्हर ब्लॉक आणि कुंड्या आल्या, की जमिनीवर बसणाऱ्यांना अस्वच्छता म्हणून उठवले जाते. शहरांत हे होताना आम्ही पाहिले आहे. म्हणजे ज्या मालाने बाजार खरोखर हरित राहिला असता तोच माल हरित बाजाराच्या पाटीबाहेर जातो, आणि आत प्लास्टिकच्या बादल्या आणि कागदी प्लेटा ओट्यावर बसतात.

शहरांसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात नैसर्गिक बाजाराची कल्पना मान्य केली आहे, आणि पन्नास वर्षांहून जुन्या अशा बाजारातल्या विक्रेत्यांना हलवू नये असे म्हटले आहे. पण तो नगरपालिका-नगरपंचायतींच्या हद्दीत लागू आहे, आमच्या गावाला नाही. पेसा कायद्याने 1996 साली अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला आणि पंचायतीला गावबाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला. शेजारच्या यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर जिल्ह्यांचे काही भाग त्यात येतात. वर्धा येत नाही. म्हणून आमच्या बायांना फक्त सामान्य ग्रामसभेत हात वर करता येतो, आणि ग्रामसभेची वेळ बहुधा मजुरीची असते.

संडे स्कूलमध्ये रूथची गोष्ट शिकवताना आपण मुलांना सांगतो की जुन्या करारातल्या नियमशास्त्राने शेतकऱ्याला शेताची कड कापू नको असे बजावले होते. ती कड गरिबाची आणि परक्याची. बवाजाच्या शेतात रूथ सरवा वेचते ती त्याच नियमामुळे. कड ठेवणे हा तिथे शेतमालकाच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. तो कायदा होता. बाजाराची कड मला तशीच वाटते.

आम्ही महिला मंडळ, दोन बचत गट आणि गावातले काही तरुण मिळून ग्रामपंचायतीला लेखी निवेदन दिले आहे. मागण्या साध्या आहेत. कडूनिंब ठेवावेत, आणि त्यांच्याखालची जागा स्वतः बनवलेला किंवा वेचलेला माल विकणाऱ्यांसाठी, हर्रासाशिवाय राखावी. मैदानावर काँक्रीटऐवजी मुरूम. शौचालयाला नळ. दोन नाडेप टाकी. ती भरायचे काम बचत गट करतील आणि खताचे पैसे त्यांना मिळावेत. ठेकेदाराच्या करारात एक अट: पाला, प्लास्टिक आणि मासळीचे यांसाठी तीन जागा. आणि दंड करायचाच तर तो टेम्पोने पन्नीचे गठ्ठे आणून बाजारात पुरवणाऱ्याला, पालकाच्या जुडीवालीला नाही.

सरपंचताईंनी ते नीट वाचले. सचिव म्हणाले की शेडचे अंदाजपत्रक मंजुरीला गेले आहे आणि झाडे वाचवायची तर नकाशा बदलावा लागेल. एका सदस्याने विचारले, पत्रावळीने गाव स्मार्ट कसे दिसेल? दुसरे, जुने कार्यकर्ते, म्हणाले की ही झाडे त्यांच्या वडिलांच्या वेळची आहेत. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घेतो असे ठरले आहे. त्या दिवशी सुट्टी असल्याने मजुरी नसते, म्हणून बायांना येता येईल. तीन पाड्यांतून किमान एक-एक तरी बाई बोलायला उभी राहावी यासाठी सध्या संध्याकाळच्या बैठकी चालू आहेत. आतापर्यंत दोघी तयार झाल्या आहेत. तिसरी म्हणते, मी उभी राहीन, पण बोलणार नाही. तेही चालेल.

वाचकहो, दूरच्या मंडळ्यांनी इथे येऊन हात वर करावा अशी अपेक्षा नाही. पण आपल्या प्रीतिभोजनात, कापणीच्या सणाला, नाताळच्या जेवणात काय वापरले जाते हे पाहणे पंचकमिटीच्या हातात आहे. एका मोठ्या मंडळीची एक पंगत म्हणजे इथल्या दोन-तीन घरांचे आठवडाभराचे काम. दाबयंत्रावरच्या पत्रावळी आणि हाताने शिवलेल्या, दोन्ही मिळतात. वरणभात असेल तर दाबयंत्रावरच्या घ्याव्या, कोरड्या फराळाला हाताने शिवलेल्या पुरतात. द्रोण वेगळे सांगावे लागतात. कापणीच्या सणासाठी हव्या असतील तर किमान पंधरा दिवस आधी कार्यालयात कळवावे, कारण पाऊस लांबला की पाने वाळायला वेळ लागतो आणि ओल्या पत्रावळींच्या गठ्ठ्याला बुरशी धरते. वापरून झालेल्या पत्रावळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फेकू नयेत. चर्चच्या आवारात झाडाच्या बुंध्याशी खड्डा करून त्यात टाकाव्या आणि वर माती लोटावी.